पळायला कोण लावतं

आमच्या देवासच्या घरी वरच्या खोलीत मिन-जून नावाचा कोरियन इंजिनिअर भाड्याने राहतो. हिंदी तो कारखान्यातच शिकला, त्यामुळे मलाही ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणतो. मी मुलगी आहे हे सांगून सांगून दमले.

फौजेच्या भरतीसाठी मी रोज सकाळी टेकरीच्या पायऱ्या पळत चढते. दोनदा नापास झालेय. एकदा शूजच्या लेस बांधत होते, तेव्हा त्याने गॅलरीतून विचारलं, "भिया, तुला पळायला कोण लावतं?"

"कुणीच नाही."

त्याला ते पटेना. त्यांच्याकडे प्रत्येक मुलाला दीडेक वर्ष फौजेत जावंच लागतं. त्याचा एक मित्र गुडघ्यामुळे सुटला, तर त्याने पार्टी दिली म्हणे. मला रागच आला. मी नापास झाले तेव्हा आमच्याकडे कुणी धड जेवलंही नव्हतं.

"तू परत आलास तेव्हा मिरवणूक केवढी निघाली?" मी विचारलं. माझे मामा फौजेतून रिटायर होऊन धारला आले, तेव्हा बस स्टँडपासून घरापर्यंत डीजे होता. हारांमुळे त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"मिरवणूक कशाला? सगळेच जाऊन येतात. आई म्हणाली, कपडे धुवायला टाक."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या टेकरीवर माझे पाय थांबले. हार नसते, डीजे नसता, तर मी एवढी पळाले असते का?

मागून धापा टाकत मिन-जून आला.

"तुला कुणी पळायला लावलं?"

"कुणीच नाही," तो म्हणाला आणि माझ्या पुढे निघून गेला.