भवानीआधीचा घास

युसूफ वडगाव या गावात वैजिनाथअप्पांचं कापडाचं दुकान आहे. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय अप्पा तोंडात घास घालत नाहीत. वडिलांची शिस्त. किराणा दुकानदाराला हे जमतं. कापडाचं गिऱ्हाईक मात्र बाजाराचा दिवस सोडला तर दुपारीच उगवतं.

गेल्या वर्षी अप्पांच्या हृदयात स्टेंट बसवला. सकाळी फार वेळ उपाशी राहू नका आणि न्याहारीनंतरची गोळी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. अप्पांनी मान डोलावली. घरी येऊन गोळीसुद्धा दुपारवर ढकलली.

त्यांच्या पत्नी शिवगंगाबाईंनी वाद घातला नाही. पण त्यानंतर हातरुमालांचा खप वाढला. दुकान उघडताच सोमवारी गल्लीतल्या छबुबाईंनी एक नेला, मंगळवारी समोरच्या आसारामनं. बुधवारी पुन्हा छबुबाई. अप्पांची न्याहारी वेळेवर होऊ लागली. गुरुवारी शेजारचा न्हावी सटवा आला.

"अप्पा, एक रुमाल द्या."

"तुझ्या दुकानात टावेल कमी हायत का? आख्ख्या गावाला सर्दी झाली का काय बे?"

सटव्याला हसू आवरेना. "काकूंनी धाडलं. मी कशाला खोटं बोलू?"

अप्पांनी रुमाल जागेवर ठेवला. धाडलेलं गिऱ्हाईक ते भवानीत धरत नव्हते.

थोड्या वेळानं शिवगंगाबाई स्वतःच डबा घेऊन दुकानात आल्या. डब्यात कमी तेलाचं धपाटं आणि दही होतं.

"खाऊन घ्या."

"भवानी होऊ दे."

"बरं, मी बसते."

एक बाई आल्या, साड्यांचा ढीग उलगडायला लावला आणि "उद्या येते" म्हणून गेल्या. अप्पा घड्या घालत बसले. ऊन पायरीवर आलं. शिवगंगाबाईंनी पदरानं घाम पुसला आणि कपाटाला पाठ टेकली.

"काय होतंय?"

"काई न्हाई. जरा गरगरल्यावानी झालं."

"तू खाल्लं न्हाईस?"

"तुमच्या आधी कवा खाल्लंय?"

"आन् बीपीची गोळी?"

"ती बी न्याहारीनंतरचीच हाय."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. अप्पांनी हातातली घडी अर्धवट सोडली. इतक्या वर्षांत त्यांची नजर रोज सकाळी रस्त्यावर असायची. घरात त्या वेळी कोण उपाशी आहे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी डबा उघडला, धपाट्याचा तुकडा मोडून बायकोच्या हातात दिला. "खा आधी."

शिवगंगाबाईंनी तुकडा हातातच धरला. "आधी तुमी."

"लई हट्टी हायस."

"तुमच्यापेक्षा कमीच."

अप्पांनी वडिलांच्या तसबिरीकडं एकदा पाहिलं आणि घास तोंडात घातला. मग शिवगंगाबाईंनी खाल्ला. तेवढ्यात उंबऱ्यात कुणी उभं राहिलं. तात्याबा होते, धोतरजोडी घ्यायला आलेले.

"बसा, तात्याबा," अप्पा भरल्या तोंडानं म्हणाले. "आमची न्याहारी चालू हाय."