दोघींचा कोयता

हत्तीवर फक्त लहान मुलांनी चढायचं, हे रखवालदाराने परत परत सांगितलं, तेव्हा रंगुबाईने त्याला शांतपणे विचारलं, की बाबा, हत्तीला काही त्रास होतो का? हत्ती सिमेंटचा होता. शेपटीकडून चढायला उभ्या पायऱ्या आणि सोंडेतून खाली यायला घसरगुंडी. रखवालदाराने हात जोडले आणि तो पार दुसऱ्या टोकाला, जिराफांच्या आकाराच्या दिव्यांकडे निघून गेला. रंगुबाईपुढे कुणाचं काही चालत नाही हे पाथर्डीकडच्या तिच्या वाडीला ठाऊक होतं, नगर शहराला ते आज कळलं.

तिघी मैत्रिणी सकाळच्या एसटीने आल्या होत्या. बेत खातूनचा. दसरा झाला की रंगुबाई आणि लंकाबाई ऊसतोडीला निघून जायच्या आणि कपडे शिवणारी खातून गावात एकटी पडायची. जायच्या आधी एक दिवस तरी माझ्याबरोबर काढा, असा तिने धोशा लावला होता. तिच्या लेकीने, सुमैराने, मोबाईलवर ही बाग दाखवली होती. कलिंगडाच्या फोडींसारखी बाकं, छपरावर उभं राहिलेलं उलटं घर, आणि हवेत तरंगणारी एक भलीमोठी किटली. तिच्यातून धार पडतच होती आणि खालचा कप काही भरत नव्हता. लंकाबाई त्या कपापाशी बराच वेळ थबकली. आमच्या सासूबाईंना अशी किटली मिळाली असती तर आमची चुलीपासून सुटका झाली असती, म्हणाली.

रंगुबाईचं मात्र बागेत लक्ष नव्हतं. उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिचा नवरा आसाराम पावसाळ्यात काविळीने गेला आणि ती अर्धा कोयता होऊन बसली. अर्ध्या कोयत्याला तळावर स्वतःची कोप, म्हणजे पाचटाची झोपडी, मिळत नाही, कुणाच्या तरी बिऱ्हाडाच्या वळचणीला पडून राहावं लागतं. ते तिला मरणाहून वाईट वाटत होतं. इकडे लंकाबाईच्या नवऱ्याची, अंगदची, कंबर धरलेली, तो यंदा शेरडं राखत घरी राहणार होता. दोन अर्धे मिळून एक होतो, एवढी साधी गोष्ट. पण ती लंकाबाईच्या गळी उतरत नव्हती, आणि मुकादम कानिफनाथने तर बजावलं होतं, की आज दिवस मावळायच्या आत सांगा, नाहीतर जागा दुसऱ्या जोडीला जाईल.

एसटीत विचारून झालं होतं. कलिंगडावर बसल्यावर रंगुबाईने पुन्हा विषय काढला.

"तोडनी व्हईल, मोळ्या बी बांदू," लंकाबाई म्हणाली. "पन गाडी कोन भरील? मोळी घिऊन फळीवरून वर चढायचं गड्याचं काम हाय. आपन जल्मभर खालून उचलून देनाऱ्या."

रंगुबाईने हत्तीच्या पायऱ्या पाहिल्या, मग भेळ खात बसलेली काटकुळी खातून पाहिली.

"माज्याकडं काय बगती?" खातून म्हणाली. "मी बाग बगाया आलीय."

पण तोवर रंगुबाईने पदर खोचला होता. पायऱ्यांशी जाऊन ती वाकली आणि लंकाबाईला म्हणाली, हिला माझ्या पाठीवर दे. लंकाबाई आधी हसली. मग तिचे हात आपसूक पुढे आले. इतक्या वर्षांची सवय ती. तिने खातूनला भेळेसकट उचललं आणि नेमकं बसवलं.

पहिल्या पायरीवरच रंगुबाईला कळलं, की ओझ्याखालच्या बाजूला आपण कधी नव्हतोच. दर हंगामात तिने मोळी उचलून दिली होती आणि फळीवरून चढणारा आसाराम पाठमोरा पाहिला होता. तो दात आवळून श्वास का सोडायचा, हे आता तिच्या मानेला कळत होतं. निम्म्यावर ती थांबली. ओझ्याने नव्हे. त्याची आठवण दाटून आली होती.

"उतरव तिला, पडशील," लंकाबाई खालून म्हणाली.

रंगुबाई उतरली नाही. वर पोचली, खातूनला हत्तीच्या पाठीवर ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. खातून अल्लाचं नाव घेत सोंडेतून खाली आली, तेव्हा तिच्या भेळेत चुरमुरा उरला नव्हता.

लंकाबाईने पायऱ्या मोजल्या. मग म्हणाली, "सगळ्या खेपा तूच करनार का? येक तुजी, येक माजी." आणि ती खातूनपुढे पाठ करून वाकली. खातूनने साफ नकार दिला. शेवटी दुसऱ्या भेळेच्या बोलीवर तिला राजी करावं लागलं. लंकाबाई मध्ये दोनदा थांबली, पण चढली.

रंगुबाईने तिथूनच मुकादमाला फोन लावला. कानिफनाथने बरेच आढेवेढे घेतले. गाडी भरायला जमलं नाही तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका म्हणाला, आणि मग कबूल झाला.

"पन वैनी, तळावर कोयता गड्याच्या नावानं पुकारत्यात," तो म्हणाला. "आसारामचा कोयता म्हनूनच चालू ठिवू का? कुनी काय इचारनार न्हाई."

रंगुबाईने ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी तोंडातून काढलं नव्हतं. दुसरे घ्यायचे आणि ती ऐकायची. तळावर रोज पहाटे कोणीतरी ते मोठ्याने पुकारील. तिला ते ऐकायला हवं होतं, फार हवं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "त्येंनी लई वाहिलं. आता त्यास्नी हाका मारू नका. रंगुबाई-लंकाबाईचा कोयता म्हना."

फोन ठेवून ती कलिंगडाच्या बाकावर येऊन बसली. आता ते नाव पुकारणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिने स्वतःच ते एकदा घेतलं, अगदी हळू. शेजारी बसलेल्या लंकाबाईने ऐकलं आणि ती थोडी सरकून जवळ बसली.