उंबऱ्याबाहेर काढलेला बूट

मी एक जुना बूट आहे, आणि तोही उजवा. डावा माझा भाऊ. त्याला गेल्या साली उंदरांनी संपवलं. मी उरलोय लालबागच्या एका खोलीत, माळ्यावर, पोटात गंजके खिळे भरून.

मित्रांनो, हसू नका. एके काळी माझा तोरा बघण्यासारखा होता. जन्म कानपूरचा, कातडं जाड, टाचेला लोखंडी नाल. देशी पायदळाच्या एका पलटणीत शिपाई कुशाबा शिगवणाच्या वाट्याला मी आलो. गडी कोकणातला, अबोल. रोज संध्याकाळी मला तेल लावायचा, मग चिंधीने घासायचा. परेडला उभे राहिलो की माझ्यात साहेबाची मिशी दिसायची. मी फार चढून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

अठराशे सत्त्याण्णव साली मुंबईत प्लेगाने थैमान घातलं. आजारी माणसं शोधायला पलटणीतले शिपाई घराघरांत पाठवू लागले. आमच्या टोळीवर एक तरुण लेफ्टनंट होता. शिपाई त्याला लपटन साहेब म्हणत. हुकूम एकच होता: झडती घेताना बूट पायातून काढायचा नाही. हुकूम का, ते कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मला मात्र तो हुकूम भारी आवडला. माझाच मान वाढत होता ना!

एका सकाळी परळच्या एका चाळीत आम्ही राधाबाईंच्या दाराशी पोचलो. म्हातारी एकटी, खोली एकच. शेणाने ताजी सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल आणि चुलीच्या वरच फळीवर देव.

राधाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "झडती घे बाबा, माझी ना नाही," त्या म्हणाल्या, "पण हे घोड्याचे खूर चुलीपर्यंत आणू नकोस. देव आहेत तिथं."

घोड्याचे खूर! मी आतून धुमसलो. पण कुशाबाचा हात आपसूक माझ्या नाड्यांकडे गेला. पंधरा वर्षं पलटणीत काढली, तरी गावी उंबऱ्यापाशी वहाणा काढायची सवय हाडात मुरलेली. त्याने आम्हा दोघांना बाहेर ठेवलं आणि तो अनवाणी आत शिरला.

तेवढ्यात लपटन साहेब आला. तो ओरडला, "बूट चढव!"

कुशाबा वळला. सगळी टोळी बघत होती. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, झडती घेतो. बूट नाही घालणार."

साहेबाने पुन्हा सांगितलं. कुशाबा पुन्हा नाही म्हणाला. झालं. वरिष्ठाचा हुकूम तोंडावर मोडला. त्याचा पट्टा तिथेच उतरवला आणि दोन शिपायांमध्ये त्याला चालवत नेलं.

आठ दिवसांनी कोर्टमार्शल बसलं. गुन्हा मोठा होता. तुरुंग, पलटणीतून नाव कमी, पंधरा वर्षांची चाकरी आणि पुढचं पेन्शन पाण्यात. गावी बायको रखमा आणि म्हातारी आई त्याच्याच जिवावर होत्या. पायातली वहाण पायातच बरी म्हणतात. मला मात्र पुरावा म्हणून चक्क मेजावर ठेवलं होतं. इतका मान मला कधी मिळाला नव्हता आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं, की याला सोडा.

कुशाबा म्हणाला, "हुकूम मोडला, हे खरं."

कोर्टाचा मुख्य कर्नल साहेब पिकल्या केसांचा होता. त्याने कागद बाजूला सारले आणि विचारलं, "का मोडलास?"

आठ दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"साहेब, तिथं चूल, तिथंच देव. माझ्या आयनंसुद्धा मला बूट घालून आत घेतलं नसतं."

"बूट का घालायचे, ठाऊक होतं?"

"वाटलं, लोकांना धाक बसावा म्हणून."

कर्नल लपटनकडे वळला. तेव्हा कुठे लपटन साहेबाने सांगितलं, की डाक्टरांच्या मते प्लेग जमिनीवरून उघड्या पायांना लागतो. शिपाई मरू नयेत म्हणून बूट. कचेरीच्या फळ्यावर तसं लिहून लावलं होतं.

सुभेदार दौलतराव मागे उभे होते. ते पुढे आले. "लावलं होतं साहेब, पण इंग्रजीत. आमचा शिपाई फळ्यासमोरून जातो, वाचून नाही जात."

आणि त्यांनी साक्षीला राधाबाईंना बोलावलं. म्हातारी परळहून इथवर पायी आली होती. साहेबाचं म्हणणं सुभेदारांनी तिला मराठीत समजावलं, तशी ती डोक्याला हात लावून बसली.

"अगो बाय, याच्या जिवासाठी होय ते? मग आधी सांगायचं की! मी दारापासून चुलीपर्यंत गोणपाट अंथरलं असतं. देवासाठी बूट नको म्हटलं मी. माझ्या घरात कुणाच्या पोराला दुखणं लागावं असं मला वाटेल का?"

लपटन साहेबाचे कान लाल झाले.

कर्नलाने निकाल दिला. "प्रत्येकजण आपल्याला पटेल तेवढाच हुकूम मानू लागला, तर लढाईत शेजारचा माणूस मरेल. म्हणून शिक्षा होणार. चौदा दिवस पाठीवर पूर्ण ओझं घेऊन जादा कवायत. पण नाव कमी होणार नाही. आणि यापुढे प्रत्येक हुकूम, कारणासकट, शिपायाच्या भाषेत वाचला जाईल. लेफ्टनंट स्वतः वाचतील."

कुशाबाने सलाम ठोकला. त्याचे डोळे भरले होते.

ते चौदा दिवस आम्ही तिघांनी भोगले. उन्हात माझा एक खिळा वर आला आणि त्याच्या टाचेत घुसला. त्याने तक्रार केली नाही. "शिक्षा माझी आहे, वाजवी आहे," तो सुभेदारांना म्हणाला. मला पहिल्यांदा कळलं, की चकाकणं सोपं असतं, सोसणं अवघड.

लपटन साहेब रोज सकाळी मोडक्यातोडक्या मराठीत हुकूम वाचू लागला. 'झडती'ची 'जरती' झाली की शिपाई ओठ चावत. पण ऐकत सगळे.

पंधराव्या दिवशी आम्ही गिरगावात झडतीला गेलो. दार उघडलं. साहेबाने हात वर करून टोळी थांबवली. डोक्यावरची टोपी काढली, आणि घरातल्या बाईला अडखळत विचारलं, "बाई, गोणपाट आहे?"

मित्रांनो, कुशाबा आता नाईक आहे. दहा शिपाई त्याच्या हाताखाली. मी फाटलो, तेव्हा त्याने मला टाकलं नाही, आपल्या भावाच्या लालबागच्या खोलीत आणून ठेवलं. तुम्हीही उद्या कुणाला हुकूम द्याल, कुणाला शिक्षाही कराल. शिस्त हवीच, मी फौजेचा बूट आहे, मी वेगळं काय सांगणार? पण शिक्षा करण्याआधी त्याला एकदा "का रे?" म्हणून विचारा, आणि तो सांगेल तोवर थांबा. तेवढं विचारायला कुणी भेटलं नाही, म्हणून किती चांगल्या माणसांचे पट्टे कायमचे उतरले असतील, देव जाणे.