द्वारकाबायच्या घरचा गडी

मी एक म्हातारा रेडा आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका! बैल दिसला की तुम्ही त्याची शिंगं रंगवता, गाय दिसली की हात जोडता आणि रेडा दिसला की म्हणता, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण बोळिंजच्या तुळशीदासांच्या वाडीतल्या केळींना आणि पानवेलींना आठ वर्षं पाणी कोणी पाजलं, हे एकदा विचारा तरी. मी पाजलं. एकट्याने. बैलाचा त्यात काडीचाही वाटा नाही.

माझा जन्म चंदनसारच्या एका दुधाच्या गोठ्यातला. गोठ्यात मादी रेडकू झालं की घरात गूळ वाटत. मी झालो तेव्हा मालकाने नुसतं "हं" म्हटलं आणि तो दुसऱ्या म्हशीकडे वळला. त्याच दिवसांत तुळशीदास शेणखत न्यायला तिथे आले होते. त्यांनी वाकून माझे पाय निरखले आणि म्हणाले, "हा चालेल." वाडीतला माणूस फार बोलत नाही. त्याच्या दोन शब्दांवर मी आजवर माज करत आलो आहे.

तिसऱ्या वर्षी मला रहाटाला जुंपलं. तुमच्या गावात रहाट नसेल तर सांगतो. विहिरीवर एक मोठं लाकडी चाक असतं, त्याच्यावर गाडग्यांची लांबलचक माळ. रेडा विहिरीभोवती गोल फिरला की चाक फिरतं, गाडगी भरून वर येतात आणि पन्हळीत ओतली जातात. घेरी येऊ नये म्हणून रेड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात. मग आम्हाला दिसत काहीच नाही, ऐकू तेवढं येतं. चाकाचं कुईंऽऽ कुईंऽऽ आणि पन्हळीत पडणारं पाणी. तो आवाज चालू तोवर मी चालू. माझ्या पाठीमागे हाकायला कधी माणूस उभा करावा लागला नाही. तुळशीदास वाडीच्या दुसऱ्या टोकाला केळीचे घड उतरवत असत आणि रहाट ऐकून लोकांना सांगत, "माझा रेडा घड्याळ आहे, घड्याळ!"

काम मला कधी जड झालं नाही, मित्रांनो. जड झाला तो कामाबाहेरचा वेळ.

सकाळी अकराला मला सोडत. मग तोच खुंटा, तोच पेंढा, पाठीवर तोच बगळा. दुपार सरता सरत नसे. चारच्या सुमाराला तर मला इतकं नकोसं होई की मी उगाच खुंट्याभोवती फिरायला लागे आणि दोरी पायांत गुंडाळून घेई. नर्मदाबाई ओरडत, "अहो, बघा, याने परत स्वतःला बांधून घेतलं!" नर्मदाबाई म्हणजे आमची मालकीण. तोंडाने फटकळ, पण माझी पेज कधी चुकवली नाही.

आता गंमत ऐका. मालकांचंही अगदी माझ्यासारखंच होतं. वाडीत असले की माणूस कसा टवटवीत! दुपारी घरी आले, जेवले, की झालं. ओट्यावर बसायचं, जांभई द्यायची. वर्तमानपत्र एकदा वाचायचं, मग जाहिरातींसकट परत वाचायचं. शेजारच्या दिनानाथकडे पत्ते खेळायला म्हणून गेले, तर चार दिवसांत परत आले. म्हणाले, "तेच चौघे, तीच भांडणं." नर्मदाबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "वाडीत सोन्यासारखे असता आणि घरात आलात की एरंडेल प्यायल्यासारखं तोंड! मी काय करू सांगा."

"तू काय करणार गो," मालक म्हणाले. "संध्याकाळच अंगावर येते."

मला ते वाक्य फार पटलं. आपलं दुखणं मालकालाही आहे, या विचाराने मला थोडा अभिमानही वाटला. खोटं कशाला बोलू?

बावन्न सालची गोष्ट. वैशाखातली पौर्णिमा होती. चार वाजायला आले होते आणि मी पुन्हा दोरीत अडकलो होतो. मालक ओट्यावरून उठले, माझी दोरी सोडवली आणि म्हणाले, "चल. तुला कंटाळा, मला कंटाळा. कळंबपर्यंत जाऊन येऊ."

"रेड्याला फिरायला नेणारे तुम्ही पहिलेच," नर्मदाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दोघे निघाले!"

सरळ रस्त्यावर लांब चालायची माझी ती पहिलीच वेळ. काय सांगू फजिती! पाय आपोआप उजवीकडे वळत. उमराळ्यापर्यंत मी दोनदा बांधावर चढलो आणि एकदा कुणाच्या तरी मोगऱ्यात शिरलो. मालक मला ओढत होते आणि हसत होते. त्यांना वाडीबाहेर असं मोकळं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

कळंबच्या किनाऱ्यावर पोहोचलो तर गाव गोळा झालेलं. पावसाळ्याआधी होड्या पाण्यातून काढून वर उंचावर नेतात, तो दिवस होता. वाळूत एक जाड लाकडी रूळ उभा पुरला होता. त्याला आडवे दांडे लावलेले. माणसं ते दांडे छातीला लावून गोल फिरत, दोर रुळावर गुंडाळला जाई आणि होडी ओंडक्यांवरून वर सरके. चौदा होड्या वर ओळीने बसल्या होत्या. एक मात्र खाली, दुपारच्या भरतीने आणून ठेवली होती तिथेच, ओल्या वाळूत कलंडलेली. तिच्याजवळ एक बाई दोन मुलींना घेऊन उभी होती.

त्या गावाची रीत अशी. प्रत्येक होडीच्या वेळी गंगाराम तांडेल, म्हणजे होडीवाल्यांचा म्होरक्या, घराघराच्या नावाने हाक द्यायचा आणि प्रत्येक घराने एक गडी पुढे करायचा. ज्या घरचा गडी लोकांच्या होड्यांना लागला, त्याच्या होडीला सगळं गाव लागणार. ज्या घरात गडीच नाही, त्याची होडी शेवटी. मग उरतील तेवढे हात, उरेल तेवढी ताकद.

"माझा घरवाला गेला पौषात," ती बाई मालकांना म्हणाली. तिचं नाव द्वारकाबाय. "घरात या दोन पोरी. गडी कुठून आनू? आज पुनवेचं पानी हाय, दादा. रातची भरती हिला उचलनार आनि त्या खडकांवर आपटनार. होडी गेली तर खायचं काय आम्ही?"

गंगाराम तांडेल काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने उरलेले अकरा जण उभे केले होते, पण सकाळपासून ओढून त्यांच्या तळहातांची सालटी निघाली होती. त्यांनी आमच्यासमोर जोर लावला. होडी हातभर सरकली आणि थांबली. एक जण तर वाळूतच बसला. दिवस कलायला लागला होता.

मालक त्या रुळाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मग परत रुळाकडे.

"गोलच फिरायचंय ना?" ते म्हणाले. "मग हा जन्मभर दुसरं काय करतोय?"

मित्रांनो, माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! पोत्यांची गादी करून माझ्या खांद्यावर दांडा बांधला. झापडं घरी राहिली होती, म्हणून मालकांनी आपला पंचा माझ्या डोळ्यांवर बांधला आणि पाठीवर थाप दिली. "चल रे!"

आणि मी उभाच राहिलो.

काय करू? अंधारात मला चहूकडून समुद्राची गाज ऐकू येत होती. रहाट कुठेच नव्हता. आवाज नाही तर पाय उचलायचा नाही, हे माझ्या हाडांत बसलेलं. मालकांनी पुढून ओढलं, अकरा जणांनी मागून ढकललं. मी जागचा हललो नाही. गंगाराम तांडेल म्हणाला, "वाडीवाले, तुमचा रेडा वाडीतच शूर दिसतो!" लोक हसले. द्वारकाबाय हसली नाही. तिचा श्वास मला जवळून ऐकू येत होता आणि मला इतकी शरम वाटली की जमिनीत गडप व्हावं.

तेवढ्यात मालकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! याला रहाट ऐकू येत नाही!"

आणि मग तुळशीदासांनी, पन्नाशीच्या, चार माणसांत मान असलेल्या त्या बागायतदाराने, भर किनाऱ्यावर तोंडाला हात लावून आवाज काढला, "कुईंऽऽ! कुईंऽऽ!"

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. पोरं तर लोळली. मालक थांबले नाहीत. माझा कान हलला. आवाज ओळखीचा होता, पण अर्धाच होता. मी एक पाऊल उचललं आणि पुन्हा घोटाळलो.

"त्याला पानी बी ऐकायचं असेल," द्वारकाबाय म्हणाली. "थांबा!" तिने हंडा भरून आणला आणि माझ्या शेजारी वाळूत पडलेल्या फळीवर ओतला. पाठोपाठ मुलींनी कळशा ओतल्या. एक संपली की दुसरी.

बस्स! तो होता माझा रहाट. मी निघालो. पहिल्या फेरीला दांडा खांद्यात रुतला. रहाटाचं वजन याच्यापुढे काहीच नाही. दुसऱ्या फेरीला दोर ताणला गेला. तिसरीला कुणीतरी ओरडलं, "हलली! हलली!" मग ते अकरा जण ओंडके सरकवायला धावले. हसणाऱ्या बायका हंडे घेऊन रांगेत लागल्या. अर्धं गाव मालकांबरोबर कुईं कुईं करायला लागलं. मी किती फेऱ्या मारल्या ते मला माहीत नाही. मी फक्त थांबलो नाही. सूर्य समुद्रात टेकला तेव्हा मालकांनी माझ्या डोळ्यांवरचा पंचा सोडला आणि मी पाहिलं. पंधरावी होडी ओळीत सगळ्यात वर होती. आणि ती मी ओढली होती.

गंगाराम तांडेलने माझ्या कपाळावर हात ठेवला. "बोललो ते परत घेतो," तो मालकांना म्हणाला.

द्वारकाबाय पुढे आली. "दादा, एक मागू? पुढच्या सालापासून हाकेला माझ्या घरचा गडी म्हनून याला देशील? सगळ्यांच्या होड्यांना लावीन. मग माझी शेवटी राहानार नाय."

मालकांनी तांडेलकडे पाहिलं. तांडेल डोकं खाजवत म्हणाला, "रीतीत गडी म्हटलंय. दोन पायांचा पाहिजे असं कुठे म्हटलंय?"

घरी गेल्यावर मालक भाकरीबरोबर दोन वाट्या डाळ जेवले. नर्मदाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यानंतर आमचं चारचं फिरणं कधी चुकलं नाही. मालक कळंबला जाळी विणायला शिकले. पानवेली बांधणारी बोटं ती, पण जाळ्याची गाठ काही लवकर जमेना. द्वारकाबायच्या मुली त्यांना शिकवत आणि हसून बेजार होत. कंटाळा एका दिवसात पळाला असं मी म्हणणार नाही. पण ओट्यावर बसून मालक त्याची वाट बघत नव्हते, एवढं खरं.

सत्तावन्न साली वाडीत तेलाचं इंजिन आलं. माझ्या आठ दिवसांचं पाणी ते एका सकाळी ओढू लागलं. रहाट उतरवला. एके दिवशी पाहुणे आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "आता हा रेडा कशाला पोसता? बाजारात द्या." माझ्या तोंडातला पेंढा तसाच राहिला. मालक काही बोलायच्या आधी नर्मदाबाईच म्हणाल्या, "तो आमचा एकट्यांचा नाही हो. कळंबच्या एका घरचा तो गडी आहे. त्यांना विचारल्याशिवाय कसा द्यायचा?"

यंदा माझे गुडघे धरले आहेत. कळंबला जायला सकाळी निघालो तर दुपार झाली. सकाळपासून होड्या ओढणं चालूच होतं. तांडेल आता गंगारामचा मुलगा जयवंत आहे. द्वारकाबायच्या होडीची पाळी आली तेव्हा तो माझ्याकडे बघून चुळबुळला. "बाय, याला राहू दे आता. आम्ही ओढतो तुझी होडी. हाक नाय दिली तरी चालेल."

द्वारकाबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "का नाय द्यायची? पाच वर्सं गावाच्या सगळ्या होड्या वर आनल्या त्याने. हाक दे!"

जयवंतने हाक दिली, "द्वारकाबायच्या घरचा गडी?"

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "हजर हाय!"

मी त्या रुळाभोवती एक फेरी मारली, मित्रांनो. एकच. बाकीच्या माणसांनी मारल्या. पण मी हजर होतो.

तुमच्याही घरी कुणीतरी असेल, ज्याचं काम आता संपलं आहे आणि जो चार वाजले की दाराकडे बघत बसतो. त्याला नुसती पेज देऊ नका. त्याला हाक द्या.