थोरलीचा सर्व्हर

सर्व्हरवाल्याने वहीच्या कोऱ्या पानावर तीन चौकोन काढले, तोवर थोरलीचा हिशेब मनातल्या मनात होऊन गेला होता. वेबसाइट निघाली की पडदे गावाबाहेर जाणार, शिवायला आणखी दोन बायका ठेवता येणार, हे तर झालंच. खरी कमाई वेगळी होती. आल्यागेल्यापुढे सासूबाई "आमच्या धाकटीचं केकचं दुकान मोबाइलवर दिसतं" असं सांगायच्या; त्या वाक्यात यापुढे थोरलीलाही जागा द्यावी लागणार होती. जमलं तर धाकटीच्या आधी.

"तुमच्याच भाषेत सांगतो, मॅडम," सर्व्हरवाल्याने पहिल्या चौकोनावर पेन टेकवलं. "हा सामायिक. एक शिलाई मशीन, दहा बायका. स्वस्त पडतं, पण एकीने मशीन अडवलं की बाकीच्या बसल्या. हा दुसरा. यात प्रत्येकीचा वाटा ठरलेला, कुणी कुणाला अडवत नाही. आणि हा तिसरा. अख्खं मशीन तुमचं. मात्र त्याला तेलपाणी तुम्हीच करायचं, नाहीतर देखभालीचे पैसे वेगळे."

थोरलीच्या कानात 'अख्खं तुमचं' एवढंच शिरलं.

"धाकटीने कोणता घेतलाय?"

"एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगत नाही मी."

"गिऱ्हाईक कसलं, जाऊ आहे माझी."

"मग त्यांनाच विचारा की. वरच तर राहतात."

जीव गेला तरी थोरली ते विचारणार नव्हती. तिने कात्री उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"रोज किती लोक बघायला येतील?" त्याने विचारलं.

चाळीस आले तरी डोक्यावरून पाणी. पण जिन्यात एकदा धाकटी फोनवर कुणाला तरी आपला आकडा सांगत होती, तो थोरलीच्या मनातून जात नव्हता.

"चारशे."

सर्व्हरवाल्याने खोलीतल्या एकुलत्या एक मशीनकडे पाहिलं. "चारशेला दुसराही भरपूर झाला."

"तिसराच द्या. आणि देखभाल वगैरे राहू द्या. नव्याकोऱ्या यंत्राला काय धाड भरलीय?"

चार महिने काही भरली नाही. मग एका सोमवारी वेबसाइट उघडेना. सर्व्हरवाला फोनवर म्हणाला, आत कचरा साचून जागा भरली आहे. महिन्याला साफसफाई लागते, ती कुणी केलीच नाही. देखभालवाल्यांची कामं आधी, तुमचा नंबर शुक्रवारी.

थोरलीने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. घरात एकाला कळलं की वरच्या मजल्यावर कळायला जिनासुद्धा चढावा लागत नसे.

बुधवारी दुपारी धाकटीच खाली आली. हाताला मैदा, हातात कागद.

"ताई, तुमची वेबसाइट बंद आहे ना? माझी गिऱ्हाइकं मलाच विचारायला लागली. म्हणून मी आपली माझ्याच पानावर तुमच्या पडद्यांचे फोटो चढवले. ही घ्या, सतरा जणांची मापं. एक तर वसतिगृह आहे, साठ खिडक्या."

"फोटो कुठून आणलेस?" थोरली म्हणाली. आभार मानायचे होते, तोंडातून हे आलं.

"रोज सकाळी तुम्हीच नाही का पाठवत सगळ्यांना? मी जपून ठेवते."

ती गेल्यावर थोरलीने नावं पुन्हा मोजली. सतराच होती. तिच्या स्वतःच्या अख्ख्या सर्व्हरने चार महिन्यांत नऊ आणली होती. तिने तिसऱ्यांदा मोजली, एखादं दोनदा लिहिलेलं सापडावं म्हणून.

शुक्रवारी सर्व्हरवाल्याने वेबसाइट सुरू करून दिली.

"जाऊबाईंची मात्र कमाल," तो सामान आवरत म्हणाला. "स्वतःचं दुकान बंद पडलं तरी चेहऱ्यावर हसू."

"कुणाचं बंद पडलं?"

"त्यांचंच. काल सकाळपासून. आता तुम्हाला ठाऊक असेलच म्हणून बोललो. सामायिकवर आहेत ना त्या. तुमचे बेचाळीस भलेमोठे फोटो चढवले, बाकीची नऊ दुकानं अडली. नियमाप्रमाणे त्यांचं दोन दिवस बंद ठेवावं लागलं मला. आठ केकची मागणी हातची गेली म्हणे."

सामायिक! थोरलीला आधी आनंद झाला. तो दिसू नये म्हणून तिने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या ओवला जाईना.

"थांबा जरा," ती शेवटी म्हणाली, आणि जिना चढून गेली.

धाकटी ओट्यापाशी साचे पुसत होती. सगळे रिकामे.

"तुझं दुकान माझ्या सर्व्हरवर आण. मी आता देखभालही लावतेय. पैशांचं बोलू नकोस."

"नको ताई, तुमच्या गिऱ्हाइकांची अडचण होईल."

थोरलीने खिडकीकडे पाहिलं. तिथे पडदा नव्हता, बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"अडचण कसली, अगं," ती म्हणाली. "रिकामाच तर पडलाय."

धाकटीने हातातला साचा खाली ठेवला. ती हसली नाही, याचंही थोरलीला वाईट वाटलं.

हिशेबच करायचा तर आठ केक धाकटीचे गेले. सर्व्हरचं भाडं थोरलीचं, देखभाल थोरलीची. आणि 'रिकामाच तर पडलाय' हे एक वाक्य, तेही थोरलीनेच भरलं, रोख.