गरम हवेचं इंजिन आणि भातेवाला

स्कॉटलंडमधल्या त्या विणकरांच्या गावात सव्वीस वर्षं चर्चच्या ऑर्गनला हवा पुरवणारा भाता इबन गेमेलने ओढला. आठवडाभर मागावर बसायचा आणि रविवारी ऑर्गनमागच्या अंधाऱ्या कोनाड्यात दांडा धरून उभा राहायचा. मग तळघरात गरम हवेचं इंजिन आलं. ना बॉयलर, ना वाफ. खाली कोळशाची भट्टी. कोंडलेली हवा तापून फुगायची, निवून आकसायची, आणि दट्ट्या बिनबोभाट मागेपुढे होत भाता भरायचा. पाद्रीबुवांनी सगळ्यांदेखत इबनचे आभार मानले आणि त्याला बाकावर बसवलं.

पण त्याला बसवेना. हात शिवशिवायचे. स्तोत्र सुरू झालं की खांदा आपोआप खालीवर व्हायचा.

"अंगात मुंग्या शिरल्यात का तुझ्या?" बायको मिरनने चिमटा काढला. "लोक बघतायत."

"बघू देत. ते यंत्र कडव्याच्या मध्येच धापा टाकतंय."

"यंत्र कुठलं धापा टाकतंय! गप बैस."

चौथ्या रविवारी, प्रवचन रंगात आलेलं असताना, तो उठून तळघरात उतरला. नुसतं बघायला, असं स्वतःलाच सांगत. चाक आपलं फिरत होतं. त्याने भट्टीतला विस्तव भराभर बाहेर ओढला, राखेत दाबला आणि वर येऊन बसला.

भट्टी अजून तापलेली होती, त्यामुळे इंजिन लगेच थांबलं नाही. प्रवचन संपलं, स्तोत्र सुरू झालं. इबनच्या कानशिलांवरून घाम ओघळला. तिसऱ्या कडव्याला सूर घरंगळला आणि मग ऑर्गन गप्पच झाला. ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या पीबल्सची बोटं पट्ट्यांवर नुसतीच खडखडू लागली. लोक बिचकत, एकेकटे गात राहिले.

इबन ऑर्गनमागच्या कोनाड्याकडे धावला. जुना दांडा अजून जागेवरच होता; तो धरून त्याने भाता ओढायला घेतला आणि ऑर्गन पुन्हा वाजू लागला.

सगळे गेल्यावर पीबल्स कोनाड्यापाशी आला. "विस्तव कुणी काढला?"

"मीच."

"सव्वीस वर्षांत माझा एक सूर पडू दिला नव्हतास तू. आज पाच ओळी पाडल्यास."

"पाद्रीबुवांना सांगा."

"सांगणारच आहे. विस्तवापाशी माणूस लागतो म्हणून. पुढच्या रविवारी तासभर आधी ये."

इबन दर रविवारी तळघरात भट्टी सांभाळायला जाऊ लागला. पण एकदा चाकाने वेग घेतला की करायला काहीच उरायचं नाही. वर प्रवचन चालू असताना फरशीखालून त्याच्या बुटांचा आवाज यायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मिरन मान खाली घालून बसायची.