नारळ फोडून विचारलंत, मग उत्तरही ऐका!

मी एक जुना, वाळका शिरीष आहे. वाळका म्हटलं हं, मेलेला नाही! मित्रांनो, एवढा फरक तरी लक्षात ठेवा.

कोसाडच्या वसाहतीमागे, कालव्याच्या कडेला आमचं छोटंसं वन आहे. फाटकावर भली मोठी पाटी आहे, 'पक्ष्यांसाठी राखीव'. त्याच पाटीखाली लोक कचऱ्याच्या पिशव्या टाकतात. वा रे राखीव!

हिरवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! कापड विणायच्या लूमवरून सुटलेले कामगार माझ्या सावलीत डबा खायचे. त्यांच्या कपड्यांना चिकटून आलेले गुलाबी धागे शिंजिराची मादी घरट्यात विणायची. मग कुणीतरी माझ्या मुळांभोवती सिमेंटचे ठोकळे बसवले. छान दिसतं म्हणे! पाणीच मुरेना, मी वाळलो. त्यानंतर माझ्याकडे ढुंकून पाहिलं ते फक्त पिंगळ्यांच्या जोडीनं. तुटलेल्या फांदीच्या ढोलीत आता त्यांची तीन पिल्लं आहेत.

होळीच्या सकाळी धुडकूआबा कुऱ्हाड घेऊन आले. खान्देशातून आलेले हे आबा वसाहतीच्या होळीचं लाकूड दरवर्षी निवडतात. त्यांची रीत अशी, की झाडाला कुंकू लावायचं, नारळ फोडून परवानगी मागायची आणि लगेच घाव घालायचा. माझा संताप झाला तो इथंच! विचारता ना? मग उत्तराला थांबता का?

इतक्यात नववीतली मयुरी धावत आली आणि मला पाठ लावून उभी राहिली.

"आबा, यात पिंगळ्याची पिल्लं आहेत!"

"सरक पोरी. हाई झाड ते कवयनं मरी गयं."

"मेलंय, तर मग परवानगी कुणाची मागताय?"

जमलेली माणसं खो खो हसली. आबा चिडले आणि त्यांनी नारळ माझ्या बुंध्यावर दाणकन आपटला.

हादरा थेट ढोलीपर्यंत गेला. दोन पिवळे डोळे बाहेर आले. पिंगळ्यानं आबांकडे रोखून पाहिलं आणि असा काही किरकिरला की हसणारे चार पावलं मागे सरले!

"मिळालं उत्तर?" मयुरी म्हणाली.

आबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "त्यानी नही सांगी दिन्हं, भो. चाला."

त्या संध्याकाळी होळी नुसत्या गोवऱ्यांची पेटली.

मी वाचलो, पण राग गेलेला नाही. गेल्या वर्षी शेजारचा करंज असाच कुंकू लावून नेला. त्याच्या ढोलीत कोण होतं, कुणी पाहिलंसुद्धा नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, वाळल्या झाडापाशी गेलात तर आधी मान वर करून बघा.

माझ्या बुंध्यावर अजून कुंकू आहे. पुढच्या होळीला कुणी म्हणेल, 'याला तर विचारून झालंय.'

हो, झालंय. उत्तरही देऊन झालंय!